विश्लेषण : पाऱ्याच्या थेंबातून रसायनांची ओळख... कोण होते यारोस्लाव्ह हेरोव्स्की?

मधुमेही व्यक्ती घरच्या घरी बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवते आणि काही सेकंदांत ग्लुकोमीटरवर आकडा उमटतो. हे यंत्र साखर ‘बघत’ नाही. पट्टीवर साखरेची रासायनिक क्रिया होते, तिच्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो प्रवाह मोजून त्याचे साखरेच्या प्रमाणात रूपांतर करते. रसायनाकडून विद्युत संकेत मिळवायचा, तो स्वच्छ करायचा आणि त्यावरून रसायन कोणते व किती हे सांगायचे, असे हे शास्त्र आहे.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एका चेक प्राध्यापकाचे नाव अग्रभागी आहे. प्रागच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून गळणाऱ्या पाऱ्याच्या थेंबांवर त्यांनी जवळपास सगळे आयुष्य खर्च केले. त्यासाठी १९५९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव यारोस्लाव्ह हेरोव्स्की.

हेरोव्स्की यांची जडणघडण कुठे झाली?

२० डिसेंबर १८९० रोजी प्रागमध्ये हेरोव्स्की यांचा जन्म झाला. तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होते. वडील लिओपोल्ड हे प्रागच्या चेक विद्यापीठात रोमन कायद्याचे प्राध्यापक. घरात कायद्याचे वातावरण असले तरी मुलाचा ओढा विज्ञानाकडे होता. १९०९ मध्ये त्यांनी प्रागमध्येच रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांचे शिक्षण सुरू केले आणि १९१० मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले.

तिथे विल्यम रॅमसे शिकवत होते. हवेतील निष्क्रिय वायूंच्या शोधासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल मिळाले होते. रॅमसे यांच्यानंतर विभागाची सूत्रे फ्रेडरिक डॉनन यांच्याकडे आली. १९१३ मध्ये पदवी मिळवल्यावर हेरोव्स्की डॉनन यांच्याकडे सहायक म्हणून काम करू लागले. पुढच्या आयुष्याची दिशा येथेच ठरली.

डॉनन यांनी दिलेला प्रश्न कोणता होता?

ॲल्युमिनियमच्या विद्युत-रासायनिक गुणधर्मांचे मोजमाप करण्याचे काम डॉनन यांनी त्यांना दिले. वरवर साधे दिसणारे हे काम प्रत्यक्षात किचकट होते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर लगेच बसतो, शिवाय हायड्रोजनचे बुडबुडे येतात. परिणामी एकाच प्रयोगाचे आकडे प्रत्येक वेळी वेगळे येत. त्यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियम पाऱ्यात मिसळून ते मिश्रण बारीक नळीतून सोडण्याची युक्ती पुढे आली. पृष्ठभाग सतत नवा होत राहिला, तर थर बसायला वेळच मिळणार नाही, हा त्यामागचा विचार. सतत नव्या होणाऱ्या पृष्ठभागाची ही कल्पना हेरोव्स्की यांच्या मनात घर करून राहिली.

१९१४ च्या उन्हाळ्यात ते सुटीसाठी प्रागला आले आणि पहिले महायुद्ध सुरू झाले. लंडनला परतण्याचा मार्ग बंद झाला. त्यांना सैन्यात जावे लागले. लष्करी रुग्णालयात औषधे तयार करणे आणि क्ष-किरण विभाग सांभाळणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. त्यातून वेळ काढून त्यांनी प्रबंध पूर्ण केला.

एका तोंडी परीक्षेने काय बदलले?

१९१८ मध्ये प्रागला डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक बोहुमिल कुचेरा हे परीक्षक होते. कुचेरा स्वतः पाऱ्याच्या पृष्ठताणावर काम करत होते. पाऱ्याला विद्युतदाब दिला, की त्याचा पृष्ठताण बदलतो आणि त्यानुसार थेंबाचे वजनही बदलते. प्रत्येक दाबाला पडणारे थेंब गोळा करून वजन करायचे आणि त्याचा आलेख काढायचा, अशी त्यांची पद्धत होती. या आलेखांत काही ठिकाणी अनपेक्षित उंचवटे येत. ते का येतात, याचे उत्तर मिळत नव्हते.

परीक्षेत याच विषयावर चर्चा झाली आणि कुचेरा यांनी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कोड्याचा मागोवा घेण्यास सुचवले. हेरोव्स्की कामाला लागले. थेंब गोळा करा, धुवा, वाळवा, वजन करा, पुन्हा दाब बदला, असा हा क्रम होता. एका आलेखासाठी अशी अनेक वजने घ्यावी लागत. १९२१ मध्ये कुचेरा यांचे निधन झाले. कोडे मात्र सुटलेले नव्हते.

१० फेब्रुवारी १९२२ रोजी काय घडले?

थेंबांचे वजन करून हाती फारसे लागत नाही, हे हेरोव्स्की यांना कळून चुकले होते. मग त्यांनी मोजायची गोष्टच बदलली. थेंबाचे वजन करण्याऐवजी थेंबातून द्रावणात जाणारा विद्युतप्रवाह मोजायचे त्यांनी ठरवले. त्यासाठी मंडलात संवेदनशील गॅल्व्हानोमीटर जोडला.

१० फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांनी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात हा प्रयोग केला. व्होल्टेज थोडे थोडे वाढवायचे आणि दर वेळी प्रवाहाची नोंद करायची. आलेख सरळ रेषेत चढला नाही. त्यात पायऱ्या दिसल्या. एका ठरावीक व्होल्टेजला प्रवाह चढायचा, मग सपाट व्हायचा आणि पुढे पुन्हा चढायचा. सुरुवातीच्या पायऱ्या हवेतून द्रावणात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या होत्या, तर शेवटची चढण सोडियमची होती. म्हणजे द्रावणात काय काय आहे, याची यादीच जणू त्या आलेखात होती. त्याच वर्षी हे संशोधन चेक भाषेतील ‘केमिकी लिस्टी’ या नियतकालिकात आणि १९२३ मध्ये इंग्रजीतून ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा हेरोव्स्की ३१ वर्षांचे होते.

आलेखातून रसायन कसे ओळखायचे?

प्रत्येक धातूचा आयन ठरावीक व्होल्टेजला इलेक्ट्रॉन स्वीकारतो. तांबे लवकर स्वीकारते, त्यानंतर शिसे, मग कॅडमियम आणि बरेच पुढे जस्त. व्होल्टेज क्रमाने बदलत नेले, की ज्याची पाळी येईल त्याची पायरी आलेखावर उमटते. पायरीच्या मध्यावरील व्होल्टेजला अर्धतरंग विभव म्हणतात. ही पदार्थाची ओळखखूण. पायरीची उंची सांगते, की तो पदार्थ द्रावणात किती आहे. ‘कोणता’ आणि ‘किती’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच आलेखात मिळतात.

त्याआधी रासायनिक पृथक्करणात एकेक घटक वेगळा करून, गाळून, वाळवून, तोलून ओळखावा लागे. तेच काम आता एका लहानशा नमुन्यातून, तो फारसा खर्ची न घालता होऊ लागले.

पण त्यासाठी पाराच का?

याची तीन कारणे होती. बारीक केशनलिकेतून पाऱ्याचा थेंब दर काही सेकंदांनी पडतो आणि त्याच्या जागी नवा थेंब तयार होतो. त्यामुळे मागच्या क्रियेचा मळ पुढच्या मोजमापात येत नाही. हाच डॉनन यांच्याकडे शिकलेला धडा. दुसरे, पाऱ्यावर हायड्रोजन वायू सहजासहजी सुटत नाही. प्लॅटिनमसारख्या धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे लवकर सुरू होतात आणि पुढचे काही मोजता येत नाही. पाऱ्यावर मात्र जस्त, सोडियम यांच्यापर्यंत मजल मारता येते. तिसरे, अनेक धातू पाऱ्यात विरघळतात, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो.

याला दुसरी बाजूही होती. द्रावणातील ऑक्सिजन आलेखात आपल्या पायऱ्या घुसडतो, म्हणून आधी नायट्रोजन किंवा हायड्रोजनसारखा वायू द्रावणातून सोडून तो घालवावा लागे. कधी आलेखावर विनाकारण टोके येत. ती दाबण्यासाठी चिमूटभर जिलेटिन घालत. आणि पाऱ्याची वाफ विषारी असते, हा प्रश्न तर कायमचाच होता.

‘पोलरोग्राफ’ यंत्र एवढे महत्त्वाचे का ठरले?

सुरुवातीला प्रत्येक आलेख हाताने काढावा लागे. व्होल्टेज बदला, गॅल्व्हानोमीटर वाचा, कागदावर टिंब द्या. एका आलेखाला तास-तासभर लागे. जपानहून प्रागला आलेले संशोधक मासुझो शिकाता यांच्या साथीने हेरोव्स्की यांनी यावर तोडगा काढला. १९२५ मध्ये त्यांनी जगापुढे मांडलेले यंत्र म्हणजे पोलरोग्राफ.

याची रचना समजायला सोपी आहे. तार गुंडाळलेले चाक फिरते, तसे व्होल्टेज आपोआप वाढत जाते. गॅल्व्हानोमीटरच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका प्रवाहानुसार सरकतो. समोर फोटोग्राफीचा कागद चाकाच्याच गतीने पुढे जातो. ठिपका कागदावर रेघ ओढत जातो आणि काही मिनिटांत आलेख तयार होतो. रासायनिक विश्लेषणाचा निकाल स्वतःच नोंदवणाऱ्या अगदी पहिल्या यंत्रांमध्ये पोलरोग्राफची गणना होते.

आज ज्याला सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात, त्याचे बीजही येथे दिसते. थेंब वाढतो तसा प्रवाह वाढतो आणि थेंब पडला की तो एकदम खाली येतो. म्हणजे मूळ संकेत करवतीच्या दात्यांसारखा असतो. हेरोव्स्की यांचा गॅल्व्हानोमीटर मुळातच संथ होता. तो एवढ्या झपाट्याने हलू शकत नसे, त्यामुळे या चढ-उतारांची सरासरी आपोआप निघे आणि मुख्य पायरी ठळक दिसे. संगणकातील फिल्टर आज जे काम करतो, ते तेव्हा गॅल्व्हानोमीटरच्या जडत्वाने केले.

या यशात ठेच कुठे लागली?

१९२५ मध्येच हेरोव्स्की यांनी भौतिकशास्त्रज्ञ व्हॅक्लाव्ह डोलेशेक यांच्यासह आणखी एक मोठा दावा केला होता. आवर्तसारणीत ७५ क्रमांकाची जागा तेव्हा रिकामी होती. मँगनीजच्या क्षारांच्या आलेखात दिसलेल्या खुणा या बेपत्ता मूलद्रव्याच्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सुमारास जर्मनीत वॉल्टर नोडॅक, इडा टाके आणि ओटो बर्ग यांनीही हे मूलद्रव्य सापडल्याचे जाहीर केले. पुढे श्रेय जर्मन गटाला मिळाले आणि ७५ व्या मूलद्रव्याचे नाव ‘ऱ्हेनियम’ ठरले. प्रागचा दावा टिकला नाही.

नव्या संवेदनशील पद्धतीचा धोका यातून स्पष्ट होतो. संकेत उमटला म्हणजे त्याचा अर्थही बरोबर लागला, असे नसते. नमुन्यातील किरकोळ भेसळही पायरी दाखवू शकते. म्हणूनच यानंतर प्रत्येक पायरीमागचे गणित आणि सिद्धांत पक्का करण्याला महत्त्व आले.

प्राग या विषयाचे केंद्र कसे बनले?

१९२६ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, हेरोव्स्की चार्ल्स विद्यापीठातील भौतिक रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा मोठा गोतावळा जमला. त्यातील स्लोव्हाक भौतिकशास्त्रज्ञ डिओनीझ इल्कोविच यांनी १९३४ मध्ये प्रवाह आणि द्रावणातील पदार्थाचे प्रमाण यांचे नाते सांगणारे समीकरण मांडले. ते आजही ‘इल्कोविच समीकरण’ म्हणून शिकवले जाते. पायरीच्या उंचीवरून प्रमाण काढता येते, याला गणिताचा आधार मिळाला तो यामुळे. रुडॉल्फ ब्रडिचका यांनी ही पद्धत रक्तातील प्रथिनांकडे वळवली. कर्करोगाच्या निदानासाठी तिचा वापर करून पाहण्यात आला, मात्र ती खूण केवळ कर्करोगाचीच नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. शिकाता यांनी नायट्रोबेंझिनवर प्रयोग करून सेंद्रिय रसायनांचा रस्ता खुला केला आणि जपानमध्ये या विषयाची परंपरा सुरू केली.

चेक ही लहान भाषा. त्या भाषेतील संशोधन बाहेर कोण वाचणार, ही अडचण हेरोव्स्की यांनी ओळखली होती. १९२९ मध्ये त्यांनी एमिल व्होटोचेक यांच्यासह चेक रसायनशास्त्रज्ञांचे काम इंग्रजी आणि फ्रेंचमधून प्रसिद्ध करणारे नियतकालिक सुरू केले. इंग्रजीची बाजू हेरोव्स्की आणि फ्रेंचची बाजू व्होटोचेक सांभाळत. १९३३ मध्ये हेरोव्स्की अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले. त्यानंतर तेथे या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला.

नाझी राजवटीत काम कसे चालू राहिले?

मार्च १९३९ मध्ये जर्मनीने प्राग ताब्यात घेतले. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी सर्व चेक विद्यापीठे बंद केली. शेकडो विद्यार्थ्यांना छळछावणीत पाठवण्यात आले. हेरोव्स्की यांची संस्थाही चेक लोकांच्या हातून गेली. ती ज्यांच्याकडे आली, ते प्रागच्या जर्मन विद्यापीठातील प्राध्यापक योहान बोम नाझीविरोधी होते. त्यांनी हेरोव्स्की यांना प्रयोगशाळेत काम सुरू ठेवू दिले. १९४१ मध्ये पोलरोग्राफीवरील त्यांचा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच काळात कॅथोड किरणांच्या पडद्यावर वेगवान संकेत पाहण्याची, म्हणजे ऑसिलोग्राफिक पोलरोग्राफीची पद्धत त्यांनी पुढे नेली. जिथे गॅल्व्हानोमीटर संथ पडत होता, तिथे आता इलेक्ट्रॉनिक्स आले.

युद्धानंतर १९५० मध्ये प्रागमध्ये खास पोलरोग्राफिक संस्था उभी राहिली आणि हेरोव्स्की तिचे संचालक झाले. पुढे ती चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीत समाविष्ट झाली.

नोबेलला इतका उशीर का?

शोध १९२२ चा आणि पारितोषिक १९५९ चे, म्हणजे मध्ये ३७ वर्षे गेली. या काळात त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले होते. पद्धतीचा शोध लागला, तरी तिचा उपयोग जगभर सिद्ध व्हायला वेळ लागतो, हे याचे एक कारण म्हणता येईल. १९५० च्या दशकापर्यंत धातूकाम, औषधनिर्मिती, अन्नतपासणी अशा ठिकाणी पोलरोग्राफ रुळला होता. १० डिसेंबर १९५९ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांनी पारितोषिक स्वीकारले, तेव्हा ६९ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता. चेकोस्लोव्हाकियाच्या नागरिकाला मिळालेले ते पहिले नोबेल.

भारताने त्यांची दखल त्याआधीच घेतली होती. सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या बंगळूरुच्या भारतीय विज्ञान अकादमीने १९५५ मध्ये त्यांना मानद सदस्यत्व दिले होते. २७ मार्च १९६७ रोजी प्रागमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीची मर्यादा कशी ओलांडली गेली?

मूळ पद्धतीत एक त्रुटी होती. थेंब वाढताना त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार साठतो आणि त्यासाठीही थोडा प्रवाह लागतो. या प्रवाहाचा रसायनाशी संबंध नसतो. तो निव्वळ गोंगाट. पदार्थ फार थोडा असेल, तर त्याचा खरा संकेत या गोंगाटात बुडून जातो. त्यामुळे मूळ पोलरोग्राफी लिटरमागे साधारण एक लाखांश मोलपर्यंतच विश्वासाने मोजू शके. शिशाच्या बाबतीत हे प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. म्हणजे पाण्यातील विष पकडण्यासाठी ही पद्धत किमान २०० पट तोकडी होती.

ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात जेफ्री बार्कर यांनी यावर युक्ती काढली. व्होल्टेज सलग वाढवण्याऐवजी ते झटक्याने, म्हणजे पल्सच्या रूपात द्यायचे. झटका दिल्यावर गोंगाटाचा प्रवाह फार लवकर विरतो, खऱ्या क्रियेचा प्रवाह मात्र हळू कमी होतो. मग मोजमाप झटक्याच्या शेवटी केले, की हाती बहुतांशी खरा संकेतच येतो. नेमक्या वेळी मोजण्याच्या या तंत्रामुळे क्षमता शेकडो पटींनी वाढली. त्यापुढचे पाऊल म्हणजे धातू आधी काही मिनिटे पाऱ्याच्या थेंबात साठवून घेणे आणि नंतर एकदम बाहेर काढून मोजणे. या ‘स्ट्रिपिंग’ पद्धतीने आज पाण्यातील शिसे, कॅडमियम यांचे अत्यल्प अंशही सापडतात.

आज हेरोव्स्की यांचे काय उरले आहे?

पाऱ्याचा थेंब प्रयोगशाळांतून मागे पडत चालला आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला. बिस्मथ, कार्बन, सोने यांचे इलेक्ट्रोड पाऱ्याची जागा घेत आहेत. मात्र व्होल्टेज द्या, प्रवाह मोजा आणि त्यावरून रसायन ओळखा, हे तत्त्व कायम आहे.

अमेरिकेचे लेलँड क्लार्क यांनी १९५६ मध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड मांडला. रक्तातील वायूंच्या तपासणीपासून नदीच्या आणि मत्स्यतळ्याच्या पाण्यापर्यंत तो वापरला गेला आणि त्याला आजही ‘पोलरोग्राफिक सेन्सर’ म्हणतात. हेरोव्स्की यांच्या आलेखात नको असताना डोकावणारा ऑक्सिजन येथे मुद्दाम मोजला जाऊ लागला. १९६२ मध्ये क्लार्क यांनी याच इलेक्ट्रोडला साखरेवर क्रिया करणाऱ्या विकराची जोड दिली आणि ग्लुकोमीटरचा रस्ता मोकळा झाला.

प्रागमध्ये त्यांच्या नावाची भौतिक रसायनशास्त्र संस्था आजही कार्यरत आहे. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना इल्कोविच समीकरण आणि अर्धतरंग विभव आजही अभ्यासावे लागते. पाऱ्याच्या थेंबांचे वजन करण्यात काही वर्षे घालवल्यावर एका तरुणाने तराजू बाजूला ठेवून गॅल्व्हानोमीटर जोडला. घरोघरच्या औषधांच्या डब्यात आज जे छोटे यंत्र असते, त्याच्या मागे तो निर्णय आहे.